सगळं कळलंच पाहिजे का? जास्तीची माहिती आरोग्यासाठी कधी धोक्याची ठरते?

मोबाईल हातात घेतला की दिवसातून एकदा तरी ती जाहिरात समोर येते. 'फुल बॉडी चेकअप'. एका पॅकेजमध्ये डझनावारी तपासण्या, भरघोस सवलत, नमुना घरून नेणार आणि रिपोर्ट थेट व्हॉट्सॲपवर.

काहीही त्रास होत नसला तरी मनात विचार येतोच, 'करून टाकू. कळलेलं बरं. नुकसान काय आहे?'

या 'नुकसान काय आहे?' प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. एका संपूर्ण देशानं ते हजारो ऑपरेशन्सची किंमत मोजून शोधलं. काही कुटुंबांनी उत्तर हाताशी असूनही ते ऐकायला नकार दिला. आणि आपल्या महाराष्ट्रात तर एका विशिष्ट माहितीवर कायद्यानंच बंदी घातली आहे.

जास्त माहिती म्हणजे जास्त सुरक्षितता, हे समीकरण नेमकं कुठे चुकतं? समजून घेऊया.

दक्षिण कोरियात नेमकं काय झालं?

१९९९ साली दक्षिण कोरियाच्या सरकारनं कॅन्सर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जठर, स्तन, गर्भाशयमुख अशा अवयवांच्या कॅन्सरची तपासणी मोफत किंवा अगदी कमी खर्चात होऊ लागली.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात असलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्या कॅन्सरची तपासणी या सरकारी यादीत नव्हती. पण अनेक दवाखान्यांनी 'आलाच आहात, तर थोडे जास्त पैसे भरा, गळ्याची सोनोग्राफीही करून देतो' अशी सोय ठेवली. साधारण ३० ते ५० डॉलर खर्च. ना सुई, ना दुखणं, काही मिनिटांचं काम. लोकांनी भराभर तपासून घेतलं.

आणि कॅन्सर सापडू लागले. थोडेथोडके नाही. १९९३ साली थायरॉईड कॅन्सरचं जे प्रमाण होतं, ते २०११ पर्यंत १५ पट झालं. २०११ या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना हा कॅन्सर असल्याचं निदान झालं. थायरॉईडचा कॅन्सर हा त्या देशात सर्वाधिक निदान होणारा कॅन्सर बनला.

एखाद्या आजाराचे रुग्ण १५ पट वाढले, तर त्यानं होणारे मृत्यूही वाढायला हवेत. निदान लवकर होऊन लोक वाचत असतील, तर मृत्यू कमी व्हायला हवेत. कोरियात यातलं काहीच झालं नाही. थायरॉईड कॅन्सरनं दरवर्षी ४००हून कमी लोक दगावत होते आणि तो आकडा वर्षानुवर्षं जवळपास तिथेच राहिला.

म्हणजे हजारो जास्तीचे कॅन्सर शोधून काढले, पण मृत्यूचं प्रमाण हललं नाही.

या लोकांचं पुढे काय झालं? निदान झालेल्या जवळपास सगळ्यांवर उपचार झाले. सुमारे दोन-तृतीयांश लोकांची संपूर्ण थायरॉईड ग्रंथी काढून टाकली गेली, बाकीच्यांचा काही भाग. पूर्ण ग्रंथी काढल्यावर माणसाला थायरॉईडची गोळी जन्मभर, रोज घ्यावी लागते. ऑपरेशन झालेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ११ जणांच्या शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं काम बिघडलं. या ग्रंथी शरीरातलं कॅल्शियम सांभाळतात. सुमारे २ टक्के रुग्णांच्या स्वरयंत्राची नस दुखावली आणि आवाजावर परिणाम झाला.

यातली बहुतेक माणसं सोनोग्राफीच्या टेबलवर झोपली, तेव्हा त्यांना काहीच होत नव्हतं.

मग तो कॅन्सर खोटा होता का?

नाही. रिपोर्ट चुकीचे नव्हते. मायक्रोस्कोपखाली त्या पेशी कॅन्सरच्याच होत्या. चूक होती ती 'कॅन्सर म्हणजे जिवावर बेतणारच' या समजुतीत.

फिनलंडमधल्या डॉक्टरांनी १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या कारणांनी मरण पावलेल्या १०१ लोकांच्या थायरॉईड ग्रंथी त्यांनी शवविच्छेदनात बारकाईनं तपासल्या. त्यातल्या तब्बल ३६ टक्के ग्रंथींमध्ये कॅन्सरची बारीक गाठ सापडली. ही माणसं ती गाठ घेऊनच जगली होती आणि दुसऱ्याच कारणानं गेली होती.

कॅन्सरचे साधारण तीन प्रकार कल्पना करून पाहा, रेल्वेच्या गाड्यांसारखे. पहिली सुपरफास्ट: दिसते न दिसते तोच निघून जाते, तपासणीला सापडतच नाही. दुसरी स्टेशनवर थांबणारी: वेळेत गाठली तर पुढचा अपघात टाळता येतो. तपासणीचा खरा फायदा हिच्याच बाबतीत. तिसरी गाडी यार्डात उभी आहे, ती कुठेच जाणार नाही. थायरॉईडच्या बहुतेक बारीक गाठी या तिसऱ्या प्रकारातल्या असतात.

अडचण अशी की, सोनोग्राफीच्या पडद्यावर दुसरी आणि तिसरी गाडी बऱ्याचदा सारखीच दिसते. म्हणून सगळ्यांवरच उपचार होतात.

जो आजार कधीच त्रास देणार नव्हता तो शोधून काढणं, याला वैद्यकशास्त्रात 'अतिनिदान' म्हणतात. अतिनिदान म्हणजे चुकीचं निदान नव्हे. निदान बरोबर असतं, पण ते झाल्यानं माणसाचं भलं होत नाही.

'वेळेत सापडला म्हणून वाचलो', हे खरं असतं का?

अतिनिदानाची सगळ्यात अवघड बाजू इथे आहे. ज्याची गाठ काढली गेली, तो माणूस ठणठणीत राहतो. तो नातेवाईकांना, मित्रांना सांगतो, 'वेळेत तपासलं म्हणून वाचलो. तुम्हीही करून घ्या.' ऐकणारे तपासणी करतात, त्यांच्यातही काही गाठी सापडतात, आणि साखळी पुढे जाते.

तो माणूस खोटं बोलत नसतो. पण ऑपरेशन झालं नसतं तरी तो तितकाच ठणठणीत राहिला असता का, हे त्याला किंवा त्याच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ते फक्त हजारो लोकांचे आकडे एकत्र पाहिले की दिसतं.

आकडेही फसवू शकतात. एक साधं उदाहरण घ्या. एखाद्या शहरात एका कॅन्सरचे १०० रुग्ण सापडतात आणि पाच वर्षांत त्यातले १० दगावतात. म्हणजे पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्के. आता जोरदार तपासणी मोहीम सुरू झाली आणि ज्यांना कधीच काही झालं नसतं असे आणखी ९०० जण 'रुग्ण' म्हणून नोंदले गेले. एकूण १००० रुग्ण, मृत्यू तेच १०. जगण्याचं प्रमाण झालं ९९ टक्के.

जाहिरातीत '९० वरून ९९ टक्के' असं छापता येईल. पण एकही जीव जास्तीचा वाचलेला नाही. उलट ९०० निरोगी माणसांच्या नावापुढे 'कॅन्सर पेशंट' हा शिक्का लागला.

म्हणूनच तज्ज्ञ तपासणीचा उपयोग मोजताना 'किती सापडले' किंवा 'किती टक्के जगले' याऐवजी 'एकूण मृत्यू कमी झाले का' हे पाहतात.

कोरियात २०१४ च्या मार्चमध्ये काही डॉक्टरांनीच एकत्र येऊन निरोगी लोकांची थायरॉईड सोनोग्राफी थांबवावी, असं जाहीर आवाहन केलं. माध्यमांत मोठी चर्चा झाली. त्या एका वर्षात थायरॉईडची ऑपरेशन्स सुमारे ३५ टक्क्यांनी घटली. अमेरिकेत तपासण्यांबद्दल शिफारसी करणाऱ्या तज्ज्ञगटानंही २०१७ साली, लक्षणं नसलेल्या प्रौढांची थायरॉईड कॅन्सरसाठी तपासणी करू नये, असं स्पष्ट सांगितलं.

जपानमधल्या बाळांची गोष्ट

कोरियाच्या आधी जपाननं असाच धडा घेतला होता, आणि तो लहान मुलांच्या बाबतीत होता.

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा एक गंभीर कॅन्सर. यात तयार होणारी काही रसायनं लघवीत उतरतात. मग सहा महिन्यांच्या प्रत्येक बाळाची लघवी तपासली तर कॅन्सर लवकर पकडता येईल, असा तर्क होता. १९८०च्या दशकाच्या मध्यात जपाननं देशभर ही तपासणी सुरू केली.

तर्क चोख होता. बाळांमध्ये कॅन्सर सापडूही लागले. पण मोठ्या वयात सापडणारे, घातक कॅन्सर काही अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. बाळांमध्ये सापडणाऱ्या अनेक गाठी पुढे आपोआप विरून जाणाऱ्या होत्या, हे हळूहळू लक्षात आलं. त्या बाळांना मात्र ऑपरेशन आणि केमोथेरपीला सामोरं जावं लागलं होतं.

कॅनडा आणि जर्मनीत झालेले मोठे अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाले. अशा तपासणीनं मृत्यू कमी होत नाहीत, हे दोन्हीकडे दिसलं. त्यानंतर २००३ साली जपाननं हा कार्यक्रम थांबवण्याचा निर्णय घेतला.

इथे कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आईवडील, डॉक्टर, सरकार, सगळ्यांना मुलांचं भलंच हवं होतं. 'लवकर कळलं तर बरं' यावर सगळ्यांचा विश्वास होता, पण तो आधी तपासून पाहिला गेला नव्हता.

निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्येही लाल आकडे का येतात?

कॅन्सर दूरची गोष्ट झाली. साध्या रक्ततपासणीचं काय?

रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्यासमोर 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते. ती बऱ्याचदा अशी ठरवतात: निरोगी लोकांचे आकडे घ्यायचे आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात, त्याला 'नॉर्मल' म्हणायचं. याचा अर्थ उरलेले ५ टक्के लोक पूर्ण निरोगी असूनही मर्यादेबाहेर जातात.

एकच तपासणी केली तर ही शक्यता २० मध्ये एक. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. प्रत्यक्षात काही तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यानं आकडा थोडा बदलतो. पण दिशा तीच राहते: पॅकेज जितकं मोठं, तितका रिपोर्ट लाल होण्याची शक्यता जास्त.

आजार दुर्मीळ असेल तर गणित आणखी बिघडतं. समजा, एखादा आजार हजारात एकाला आहे. तपासणी त्या एका रुग्णाला बरोबर पकडते, पण निरोगी लोकांपैकी ५ टक्के लोकांनाही चुकून 'पॉझिटिव्ह' ठरवते. हजार जणांना तपासलं तर १ खरा रुग्ण आणि सुमारे ५० निरोगी लोक पॉझिटिव्ह येतील. म्हणजे हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट असूनही खरोखर आजार असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपासच.

मणक्याच्या एमआरआयचंही असंच आहे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय पाहिलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांमध्ये 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ८४ टक्के होतं. केस पिकावेत तसा हा वयाचा भाग असू शकतो. पण रिपोर्टवर तो शब्द वाचल्यावर किती जणांना शांत झोप लागेल?

एका लाल आकड्यानंतर दुसरी तपासणी, मग स्कॅन, मग बायोप्सी. प्रत्येक पायरीवर खर्च, सुट्टी, घरच्यांची काळजी आणि कधीकधी खरी शारीरिक इजा. रिपोर्ट फोनवर आधी येतो, डॉक्टरांची भेट नंतर मिळते. मधल्या वेळात माणूस त्या शब्दाचा अर्थ इंटरनेटवर शोधतो आणि सर्वात भयंकर शक्यता आधी वाचतो.

उपायच नसेल, तर उत्तर कळून काय करायचं?

आतापर्यंतची उदाहरणं चुकवणाऱ्या किंवा निरुपयोगी माहितीची होती. पण माहिती शंभर टक्के खरी आणि महत्त्वाची असेल, फक्त तिच्यावर इलाज नसेल तर?

हंटिंग्टन्स डिसीज हा मेंदूचा आनुवंशिक आजार. साधारण तिशी ते पन्नाशीत लक्षणं सुरू होतात. हातापायांच्या अनियंत्रित हालचाली, स्वभावात बदल, विचारशक्ती कमी होणं. आजार वाढत जातो आणि शेवटी मृत्यू होतो. आजार थांबवेल असं खात्रीचं औषध नाही. आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. नाणेफेकच.

अमेरिकेतल्या नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला १९६८ साली या आजाराचं निदान झालं. नॅन्सी यांनी पुढचं आयुष्य यामागचं जनुक शोधण्याला वाहिलं. हा आजार मोठ्या प्रमाणात असलेली कुटुंबं व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी राहत होती. तिथे त्या वर्षानुवर्षं जात राहिल्या, रक्ताचे नमुने आणि वंशावळी गोळा करत राहिल्या. १९८३ साली जनुकाचा ठावठिकाणा लागला आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडलं. आता साध्या रक्ततपासणीतून सांगता येतं की, या माणसाला पुढे हा आजार होणार की नाही.

तपासणी येण्याआधी धोका असलेल्या लोकांना विचारलं होतं, तेव्हा बहुतेकांनी 'आम्ही तपासून घेऊ' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तपासणी उपलब्ध झाल्यावर अनेक देशांमध्ये चारातला एक माणूसही पुढे आला नाही.

त्यांना विज्ञानावर अविश्वास नव्हता. 'शक्यता ५० टक्के' यात निम्मी आशा असते. उत्तर 'हो' आलं तर ती संपते आणि बदल्यात औषधही मिळत नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे इथे शब्दशः लागू पडतं. नॅन्सी यांनाही तोच ५० टक्के धोका होता. आपल्याला हा आजार असल्याचं त्यांनी २०२० साली, वयाच्या सत्तरीत, जाहीर केलं.

दुसरी बाजूही आहे. तपासणी करून घेतलेल्या अनेकांना वाईट उत्तर मिळूनही सुटल्यासारखं वाटलं, कारण अनिश्चितता संपली. लग्न, मुलं, नोकरी यांचे निर्णय घेता आले. त्यामुळे 'कळूच नये' हे सगळ्यांसाठी बरोबर उत्तर नाही. निर्णय त्या माणसाचा हवा.

म्हणूनच या तपासणीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. आधी समुपदेशन होतं. रक्त दिल्यानंतरही, रिपोर्ट तयार असतानाही, 'मला ऐकायचा नाही' असं म्हणता येतं. लक्षणं नसलेल्या लहान मुलांची तपासणी करत नाहीत, कारण तो निर्णय त्यांनी मोठं होऊन घ्यायचा असतो.

यात घरच्यांचाही प्रश्न असतो. आजोबांना आजार होता, वडिलांना तपासणी नको आहे, पण नातवानं केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर वडिलांचं उत्तरही न विचारता कळलं. एकाला हवी असलेली माहिती दुसऱ्यावर लादली गेली.

युनेस्कोनं १९९७ साली मानवी जनुकांबद्दलचा जाहीरनामा स्वीकारला. जनुकीय तपासणीचा निकाल जाणून घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा प्रत्येकाचा हक्क त्यात मान्य केला आहे. म्हणजे माहितीच्या हक्काइतकाच 'न कळण्याचा हक्क'ही असतो.

डीएनएची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, जेम्स वॉटसन यांनीही तो वापरला. २००७ साली त्यांच्या हाती त्यांचा स्वतःचा संपूर्ण जनुकीय आराखडा आला. तो त्यांनी जगासाठी खुला केला. फक्त अल्झायमर्सचा धोका सांगणाऱ्या एका जनुकाची माहिती वगळायला सांगितली. त्यांच्या आजीला अल्झायमर्स होता.

सोनोग्राफी सेंटरमधली ती पाटी

प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये एक पाटी असते: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. आपण ती इतक्या वेळा पाहिली आहे की, तिच्यामागचा विचार जाणवत नाही.

पोटातल्या गर्भाचं लिंग ही खरी माहिती आहे. यंत्रावर डॉक्टरांना ती दिसू शकते. तरीही ती सांगणं गुन्हा आहे.

गर्भजल तपासण्याचं तंत्र भारतात १९७०च्या दशकात आलं, ते बाळातले जनुकीय दोष शोधण्यासाठी. पण लवकरच त्याचा वापर मुलगी आहे का हे पाहून गर्भपात करण्यासाठी होऊ लागला. १९८०च्या दशकात मुंबईतल्या स्त्री संघटनांनी याविरोधात मोहीम उघडली. त्यातून १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला आणि १९९६ पासून लागू झाला. २००३ साली तो आणखी कडक करण्यात आला.

केवळ कायद्यानं प्रश्न सुटला नाही. सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. कागदावर बंदी असूनही माहिती बाहेर जात राहिली.

तरी कायद्यामागचं तत्त्व महत्त्वाचं आहे. बाळात व्यंग आहे का, वाढ नीट आहे का, हे त्याच यंत्रावर पाहून सांगता येतं आणि सांगायलाच हवं. एकच तंत्र, एकच पडदा. एका माहितीनं जीव वाचतो, दुसरीचा वापर जीव घेण्यासाठी होतो. फरक आहे तो माहिती मिळाल्यावर पुढे काय केलं जातं, यात.

मग तपासण्या करायच्याच नाहीत का?

असा अर्थ काढणं घातक ठरेल. योग्य तपासणी जीव वाचवते, आणि याचे भक्कम पुरावे महाराष्ट्रातूनच आले आहेत.

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरनं १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगरसारखं द्रावण लावून पाहायच्या. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. ना महागडं यंत्र, ना मोठी लॅब. एवढ्या साध्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ ग्रामीण गटांमधल्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

या तपासण्या आणि कोरियातली सोनोग्राफी यात फरक काय? इथे आजार हळूहळू वाढणारा पण खरोखर जीवघेणा आहे. सुरुवातीला पकडला तर उपाय सोपा आहे. आणि हजारो लोकांवर पडताळून, मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं आहे. म्हणजे माहितीच्या पुढे रस्ता आहे.

रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासणंही याच गटात येतं. दोन्ही आजार वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहू शकतात, तपासणी स्वस्त आहे आणि कळल्यावर करण्यासारखं बरंच काही असतं.

सरसकट 'सगळंच तपासा' याचं काय? निरोगी लोकांच्या सर्वसाधारण चेकअपबद्दलच्या चाचण्यांचा मोठा आढावा कॉक्रेन या संस्थेनं घेतला आहे. २०१९ च्या आवृत्तीत युरोप-अमेरिकेतल्या सुमारे अडीच लाख लोकांची माहिती होती. अशा चेकअपमुळे एकूण मृत्यू किंवा कॅन्सरचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. भारतातली परिस्थिती वेगळी आहे. इथे अनेकांना साधा रक्तदाबही तपासून मिळत नाही. त्यामुळे हा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण 'पॅकेज मोठं म्हणजे आयुष्य मोठं' याला पुरावा नाही, एवढं नक्की.

तपासणी करण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. मला काही लक्षण आहे का? गाठ लागणं, रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं, बरा न होणारा खोकला किंवा जखम असेल, तर ही तपासणी 'जास्तीची' नाही. डॉक्टरांकडे लगेच जा. या लेखातले धोके लक्षणं नसलेल्या लोकांच्या सरसकट तपासणीबद्दल आहेत.

२. माझ्या वयाला आणि घरातल्या आजारांच्या इतिहासाला ही तपासणी लागू आहे का? घरात आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर गणित बदलतं.

३. उत्तर 'पॉझिटिव्ह' आलं तर मी पुढे काय करणार? आणि 'निगेटिव्ह' आलं तर? दोन्ही उत्तरांनंतर मी तेच करणार असेन, तर तपासणी कशासाठी?

४. या तपासणीनं मृत्यू किंवा त्रास कमी होतो हे सिद्ध झालं आहे का, की फक्त 'जास्त आजार सापडतात' एवढंच?

५. रिपोर्ट कोण समजावून सांगणार? समजावणारं कुणी नसेल, तर रिपोर्ट हातात पडण्याआधी ती सोय करा.

गाठ सापडलीच, तर?

तपासणी झाली आणि काही सापडलं, तरी घाईनं ऑपरेशन हा एकच मार्ग नसतो. जपानच्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलनं १९९३ पासून एक सेंटीमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या थायरॉईड कॅन्सरबाबत रुग्णांना वेगळा पर्याय दिला: लगेच कापू नका, ठरावीक काळानं सोनोग्राफी करून लक्ष ठेवू. अशा १,२३५ रुग्णांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के लोकांचीच गाठ तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली. ज्यांची वाढली, त्यांचं ऑपरेशन नंतर करता आलं. थायरॉईड कॅन्सरनं त्यातलं कुणीही दगावलं नाही.

म्हणजे कॅन्सर कळल्यानंतरही काही काळ वाट पाहणं, हा उपचार असू शकतो. कोणत्या गाठीची वाट पाहायची आणि कोणती लगेच काढायची, हे तज्ज्ञ डॉक्टरच ठरवू शकतात.

तेव्हा मोबाईलवर ती जाहिरात पुन्हा दिसेल, तेव्हा 'नुकसान काय आहे?' हा प्रश्न मनातल्या मनात संपवू नका. तोच प्रश्न डॉक्टरांना विचारा, आणि त्याच्या जोडीला आणखी एक: 'हे कळल्यावर पुढे काय?'